तरुण ताऱ्यांभोवतीचे तेजोमेघ आणि अवरक्त ध्रुवण: कच्च्या प्रतिमांपासून लपलेल्या ताऱ्यापर्यंत

मृग तारकासमूहातल्या मोठ्या तेजोमेघाच्या मागे एक दाट रेणुमेघ, म्हणजे थंड वायू आणि धुळीचा ढग, आहे. १९६७ साली बेकलिन आणि नॉयगेबावर यांना तिथे अवरक्तात ठळक दिसणारा एक बिंदू सापडला. त्याच वर्षी क्लाइनमन आणि लो यांना त्याला लागूनच पसरलेला अवरक्त तेजोमेघ दिसला. तेव्हा हा तेजोमेघ तो ठळक बिंदूच उजळवत असणार असं वाटणं साहजिक होतं. १९८३ साली वर्नर, डायनरस्टीन आणि कॅप्स यांनी ३.८ मायक्रॉन तरंगलांबीला तिथलं ध्रुवण, म्हणजे प्रकाशाची कंपनं कोणत्या एका दिशेत आणि किती झुकलेली आहेत ते, मोजलं आणि माग निघाला तो आयआरसी२ नावाच्या शेजारच्या स्रोताकडे. आसपासचे काही ‘स्रोत’ तर स्वतः तळपतच नव्हते, दुसऱ्याचा प्रकाश परतवत होते.

ध्रुवणाच्या नकाशाचं खरं बळ हे आहे. प्रकाश आत्ता कुठून येताना दिसतो हे साध्या प्रतिमेत कळतं. तो मुळात निघाला कुठून हे ध्रुवण सांगतं. असा नकाशा स्वतः कसा तयार करायचा आणि कसा वाचायचा, ते इथे पायरीपायरीने मांडतो आहे. खगोलीय प्रतिमांवर थोडंफार काम केलेलं असेल, पायथन आणि फिट्स फायली परक्या नसतील, तर एवढ्यावर सुरुवात करता येईल.

आधी थोडं भौतिकशास्त्र

ताऱ्याचा प्रकाश बहुतांशी अध्रुवित असतो. धूलिकणावर आदळून तो बाजूला फेकला गेला की ध्रुवित होतो. तारा, धूलिकण आणि आपण यांना सामावणारं जे प्रतल असतं, त्याच्या काटकोनात ध्रुवणाची दिशा येते. म्हणून एकाच ताऱ्याने उजळलेल्या तेजोमेघात ध्रुवणाच्या रेघा त्या ताऱ्याभोवती वर्तुळाकार फेर धरतात. प्रत्येक रेघेला लंब काढला की तो ताऱ्याकडे जातो.

कण तरंगलांबीपेक्षा खूप लहान असेल तर ध्रुवणाचं प्रमाण सोप्या सूत्रात बसतं: (१ − कोसाइन वर्ग) भागिले (१ + कोसाइन वर्ग), इथे कोन म्हणजे प्रकाश जितका वळला तो. ९० अंशांना १०० टक्के, ६० अंशांना ६० टक्के, ४५ अंशांना ३३ टक्के. आंतरतारकीय धुळीतले कण साधारण पाव मायक्रॉनपर्यंतचे असतात. ०.१ मायक्रॉन त्रिज्येच्या कणाचा परीघ दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून थोडा जास्तच भरतो, पण २.२ मायक्रॉनच्या जेमतेम तीन दशांश. त्यामुळे हे सूत्र अवरक्तात बऱ्यापैकी लागू पडतं, दृश्य प्रकाशात तितकं नाही.

अवरक्ताकडे वळण्याचं आणखी मोठं कारण म्हणजे धूळ. वाटेतली धूळ दृश्य प्रकाश २० प्रतींनी (प्रत हे ताऱ्यांच्या तेजाचं माप) मंद करत असेल तर दहा कोटी फोटॉनांतला एक पोहोचतो. त्याच धुळीतून २.२ मायक्रॉनचा प्रकाश साधारण सव्वादोन प्रतींनीच मंदावतो, म्हणजे आठातला एक फोटॉन बाहेर पडतो. तरुण तारे नेमके अशा धुळीत बुडालेले असतात.

दुसरीही एक यंत्रणा आहे आणि ती पुढे वाचताना हमखास आडवी येते. चुंबकीय क्षेत्रामुळे लांबट कण एका दिशेत रांगेला लागतात आणि त्यांच्यातून आरपार येणारा प्रकाश एका दिशेत जास्त शोषला जातो. १९४९ साली हॉल आणि हिल्टनर यांनी शोधलेलं ताऱ्यांच्या प्रकाशाचं ध्रुवण हेच. त्याचं प्रमाण बहुधा काही टक्के असतं, तर परावर्तन तेजोमेघाच्या कडेकडेला अवरक्तात ध्रुवण पन्नास टक्क्यांच्या आसपासही जातं.

कोणत्या प्रतिमा लागतात

ध्रुवण मोजायचं म्हणजे एकाच भागाच्या, ध्रुवणाच्या वेगवेगळ्या दिशा निवडलेल्या प्रतिमा हव्यात. सर्वांत रुळलेली पद्धत हाफ-वेव्ह प्लेटची, म्हणजे ध्रुवणाची दिशा फिरवणाऱ्या पारदर्शक तबकडीची. प्लेट ०, २२.५, ४५ आणि ६७.५ अंशांवर फिरवून चार प्रतिमा घ्यायच्या. प्लेट जितकी फिरते त्याच्या दुप्पट ध्रुवणाची दिशा फिरते, म्हणून हे चार कोन आकाशातल्या ०, ४५, ९० आणि १३५ अंशांचं काम करतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या सदरलँड इथल्या १.४ मीटर आयआरएसएफ दुर्बिणीवरचं सरपोल हे उपकरण असंच चालतं. त्यात फिरणारी प्लेट आणि तारांच्या जाळीचा ध्रुवक (एकाच दिशेचं ध्रुवण आरपार सोडणारी गाळणी) आहे. जे, एच आणि केएस या तीन पट्ट्यांत, म्हणजे साधारण १.२५, १.६५ आणि २.१५ मायक्रॉनला, ते एकाच वेळी ७.७ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) रुंदीचं क्षेत्र टिपतं. हबल दुर्बिणीवर १९९७ साली बसवलेल्या निकमॉसची रचना वेगळी होती: प्लेटऐवजी नावापुरते ०, १२० आणि २४० अंशांवर बसवलेले तीन ध्रुवक. नावापुरते अशासाठी म्हणतो की प्रत्यक्ष कोन आणि प्रत्येकाची पारदर्शकता थोडी वेगळी आहे. त्या प्रतिमा वापरणार असाल तर साधं गणित न करता उपकरणाच्या माहितीपुस्तिकेतले गुणांकच घ्या. या प्रतिमा संग्रहात सर्वांना खुल्या आहेत आणि हवेची थरथर त्यांत नाही, म्हणून शिकायला मी त्याच सुचवेन.

काही उपकरणांत वोलॅस्टन प्रिझम असतो. तो परस्परांना लंब दिशांच्या दोन प्रतिमा एकाच वेळी देतो, त्यामुळे ढग सरकला किंवा हवा बदलली तरी दोन्हींवर सारखाच परिणाम होतो. निवडीची मुभा असेल तर ठळक ताऱ्याच्या अगदी जवळच्या भागासाठी अशीच नोंद निवडा. मोठ्या पसरट तेजोमेघाला एकेरी प्रतिमांची पद्धत पुरते आणि क्षेत्रही मोठं मिळतं.

सफाई, आणि आकाश वजा करणं

डार्क (प्रकाश न येऊ देता घेतलेली प्रतिमा), फ्लॅट (सगळीकडे सारख्या उजेडाची प्रतिमा), खराब पिक्सेल ही नेहमीची कामं इथेही आहेतच. फ्लॅट प्लेटच्या प्रत्येक कोनाला वेगळा लागतो की एकच पुरतो, ते उपकरणावर ठरतं. ठळक तारा संपृक्त झाला असेल तर त्याच्या भोवतालचा भाग सरळ झाकून टाका, पुढच्या गणितात घेऊ नका. चारही प्रतिमा ताऱ्यांच्या आधाराने एकमेकींवर अचूक बसवा. इथे अर्ध्या पिक्सेलची चूकसुद्धा प्रत्येक ताऱ्याच्या एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण ठसा सोडते, आणि तो ध्रुवणासारखाच दिसतो.

या सगळ्यांहून जास्त वेळ आकाशाला द्या. अवरक्तात रात्रीचं आकाश स्वतःच उजळ असतं. वातावरणातल्या हायड्रॉक्सिल रेणूंची चमक काही मिनिटांत बदलते, केएस पट्ट्यात भर पडते ती दुर्बिणीच्या आणि हवेच्या उष्णतेची. त्यावर तेजोमेघ म्हणजे एक पातळ थर.

आकडे घालून पाहू. एका पिक्सेलमध्ये आकाशाचे ५००० आणि तेजोमेघाचे १०० एकक आहेत, खरं ध्रुवण २० टक्के आहे. आकाश अध्रुवित असेल तर प्रतिमांच्या वजाबाकीत ते निघून जातं, म्हणून ध्रुवित प्रकाश २० एकक बरोबरच मिळतो. भागायचं मात्र एकूण प्रकाशाने. आकाशाचा अंदाज एकच टक्का कमी धरला तर ५० एकक शिल्लक राहतात, भाजक १५० होतो आणि ध्रुवण १३ टक्के दिसतं. एक टक्का जास्त वजा केलं तर भाजक ५० राहतो आणि ध्रुवण ४० टक्के. आकाशातल्या एका टक्क्याने उत्तर तिप्पट इकडचं तिकडे गेलं! दिशा मात्र दोन्ही वेळा तीच राहते. म्हणून अंधूक कडांवरचे मोठाले टक्के पाहून हुरळू नका. तिथल्या दिशेवर विश्वास ठेवा, प्रमाणावर नाही.

उपाय जुनाच आहे. तेजोमेघापासून पुरेसं दूर, रिकाम्या आकाशाच्या प्रतिमा मधूनमधून घेतलेल्या हव्यात, आणि प्लेटच्या प्रत्येक कोनासाठी वेगळ्या. ज्या नोंदींत रिकाम्या आकाशाच्या प्रतिमाच नाहीत आणि तेजोमेघाने पूर्ण क्षेत्र व्यापलंय, त्या नोंदी मी टक्केवारीसाठी वापरणार नाही. चंद्र वर असेल तर तो लक्ष्यापासून किती अंशांवर आहे तेही बघा. ९० अंशांच्या आसपास असेल तर विखुरलेलं चांदणं स्वतः ध्रुवित असतं, आणि जे पट्ट्यात ते जाणवू शकतं.

स्टोक्स राशी काढणं

इथून गणित सोपं आहे. आय म्हणजे एकूण प्रकाश, क्यू आणि यू म्हणजे त्यातल्या ध्रुवित भागाचे दोन घटक; या तिन्हींना स्टोक्स राशी म्हणतात. खालचे कोन प्लेटचे आहेत. प्रत्येक पिक्सेलसाठी:

आय = (चारही प्रतिमांची बेरीज) ÷ २
क्यू = ०° ची प्रतिमा − ४५° ची प्रतिमा
यू = २२.५° ची प्रतिमा − ६७.५° ची प्रतिमा

समजा एका जागी ०, २२.५, ४५ आणि ६७.५ अंशांच्या चार प्रतिमांत अनुक्रमे ११५०, १०६०, ८५० आणि ९४० एकक मिळाले. आय २०००, क्यू ३००, यू १२०. क्यू आणि यू यांना आयने भागलं की ०.१५ आणि ०.०६. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ०.१६२, म्हणजे ध्रुवण १६.२ टक्के. दिशा म्हणजे यू आणि क्यू यांच्या व्यस्त स्पर्शिकेची निम्मी: २१.८ अंशांची निम्मी, १०.९ अंश. कोन उत्तरेकडून पूर्वेकडे मोजतात. प्रोग्राममध्ये दोन घटक घेणारं एटॅन२ हे फलनच वापरा. साध्या व्यस्त स्पर्शिकेत क्यू ऋण असेल तर दिशा ९० अंशांनी फिरते आणि नकाशाच्या अर्ध्या भागात वर्तुळांऐवजी किरणांसारख्या रेघा दिसतात.

यानंतर उपकरणाच्या तीन दुरुस्त्या. उपकरण १०० टक्के ध्रुवित प्रकाशालाही पूर्ण १०० दाखवत नाही. सरपोलची कार्यक्षमता जे पट्ट्यात सुमारे ९५.५ आणि केएसमध्ये ९८.५ टक्के आहे, तर मोजलेलं ध्रुवण तेवढ्याने भागायचं. दुसरी, उपकरण स्वतः किती ध्रुवण घालतं ते अध्रुवित प्रमाण ताऱ्यांवरून (प्रमाण तारे म्हणजे ज्यांचं ध्रुवण आधीच नेमकं माहीत आहे असे तारे) काढून क्यू आणि यूमधून वजा करायचं. तिसरी, कोनाचा शून्यबिंदू, तो ध्रुवित प्रमाण ताऱ्यांवरून.

क्यू आणि यू शेवटपर्यंत सोडू नका

माझ्या मते सगळ्या लेखातला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद हा आहे. सरासरी घ्यायची असेल, पिक्सेल एकत्र करायचे असतील, रात्री जोडायच्या असतील, वाटेतल्या धुळीचा परिणाम वजा करायचा असेल, तर ते सगळं आय, क्यू आणि यू यांवर करा. ध्रुवणाची टक्केवारी आणि दिशा अगदी शेवटी एकदाच काढा. शेजारच्या दोन पिक्सेलांत दिशा १७८ आणि २ अंश आल्या, तर डोळ्याला त्या जवळजवळ एकच आहेत, दोन्ही उत्तर-दक्षिण. त्यांची अंकगणिती सरासरी ९० अंश येते, म्हणजे पूर्व-पश्चिम, साफ उलट. क्यू आणि यूची सरासरी घेतलीत तर शून्य अंश मिळतो.

टक्केवारीचंही तसंच. ती वर्गमुळातून येते, म्हणून कधीच ऋण होत नाही. नुसत्या गोंगाटातूनही धन ध्रुवण निघतं. त्यासाठी मोजलेल्या ध्रुवणाच्या वर्गातून त्रुटीचा वर्ग वजा करून मग वर्गमूळ घेतात. ध्रुवण त्रुटीच्या तिपटीपेक्षा कमी असेल तिथे रेघ काढूच नये. दिशेची त्रुटी अंशांत म्हणजे २८.६५ गुणिले त्रुटी भागिले ध्रुवण. तिपटीला ती साडेनऊ अंश असते, दहापटीला तीनपेक्षा थोडी कमी.

किती प्रकाश जमवावा लागेल, याचाही हिशोब आधीच करून ठेवावा. एक टक्का त्रुटी हवी असेल आणि आकाश पूर्ण काळं असतं, तर प्रत्येक प्रतिमेत तेजोमेघाचे सरासरी ५००० इलेक्ट्रॉन पुरले असते. आकाश तेजोमेघाच्या ५० पट उजळ असेल तर तेवढ्याच अचूकतेसाठी ५१ पट, म्हणजे अडीच लाखांवर लागतात. अंधूक भागात पिक्सेल एकत्र करावे लागतात ते यामुळे. तेजोमेघाच्या गाभ्यात बारीक आणि कडेला मोठे चौकोन, असं करायला हरकत नाही, फक्त नकाशाखाली ते लिहा.

नकाशा वाचताना

आय प्रतिमेवर रेघा काढा, लांबी ध्रुवणाच्या प्रमाणात आणि कोपऱ्यात मापाची एक रेघ. बाणाची टोकं लावू नका, ध्रुवणाला दिशा असते पण पुढचं-मागचं नसतं. लांबीला कमाल मर्यादा घाला, नाहीतर कडेच्या दोन-चार बेभरवशाच्या रेघा सगळा नकाशा झाकतात.

पहिला प्रश्न: वर्तुळाकार फेर दिसतो का? दिसला तर तिथे एकदाच परावर्तन झालेलं आहे. दोन फेर एकमेकांत मिसळलेले दिसले तर उजळवणारे दोन तारे आहेत, आणि दोघांचा प्रकाश जिथे सारखा पोहोचतो तिथे ध्रुवण एकदम गळतं.

दुसरा प्रश्न खरा अवघड आहे. अनेक तरुण ताऱ्यांच्या जवळ, तेजोमेघाच्या दोन बाजूंना पसरलेल्या दोन पाकळ्यांच्या मधोमध, फेर मोडतो आणि कमी ध्रुवणाच्या समांतर रेघांचा एक पट्टा दिसतो. त्याला ध्रुवण-चकती म्हणतात, आणि ताऱ्याभोवतीची धूळ-वायूची खरी चकती म्हणून तो वाचायचा मोह होतो. पण असा पट्टा तीन वाटांनी तयार होतो. दाट चकतीत प्रकाश अनेकदा विखुरला की, हे बास्तिएन आणि मेनार यांनी १९८८ साली दाखवलं. चुंबकीय क्षेत्राने रांगेला लावलेल्या कणांतून आरपार आला की. किंवा दुर्बिणीच्या धूसरपणामुळे ठळक ताऱ्याच्या भोवतीचे क्यू आणि यू एकमेकांत मिसळले की. तिसरी शक्यता आधी तपासा, कारण ती उपकरणाची आहे. पट्ट्याची रुंदी क्षेत्रातल्या साध्या ताऱ्याच्या रुंदीएवढीच असेल, किंवा चांगल्या हवेच्या रात्री तो आक्रसत असेल, तर त्यावर काही उभारू नये.

पहिल्या दोन शक्यतांतून निवडायला आसपासचे तारे कामी येतात. त्यांच्यावर छोटं वर्तुळ ठेवून क्यू आणि यू मोजा आणि तीनही पट्ट्यांत पाहा. आरपार येणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण जेकडून केएसकडे ठरावीक पद्धतीने घटतं, साधारण तरंगलांबीच्या १.६ ते १.८ या घातात, आणि दिशा तीच राहते. अनेक ताऱ्यांची दिशा एकच असेल आणि पट्ट्याची दिशाही तिच्याशी जुळत असेल तर चुंबकीय क्षेत्राकडे पारडं झुकतं. तरंगलांबीबरोबर दिशा फिरत असेल तर दोन यंत्रणा मिसळल्या आहेत.

लपलेला तारा शोधणं

आता मुख्य काम. प्रत्येक चांगल्या रेघेतून लंब काढायचा आणि सगळे लंब जिथे एकत्र येतात तो बिंदू शोधायचा. संभाव्य बिंदू रेघेपासून पूर्वेला ‘पू’ आणि उत्तरेला ‘उ’ एवढ्या अंतरावर असेल आणि रेघेचा कोन ‘को’ असेल, तर त्या बिंदूचं लंबापासूनचं अंतर = पू × साइन(को) + उ × कोसाइन(को). ही सगळी अंतरं त्रुटीनुसार वजन देऊन, लघुतम वर्गांच्या पद्धतीने, किमान करायची. समीकरण रेषीय असल्याने एका ओळीत सुटतं. बहुतेक प्रतिमांत पूर्व डावीकडे असते हे विसरू नका, चिन्ह चुकलं तर तारा भलतीकडेच सापडतो.

त्रुटी किती? रेघ ताऱ्यापासून २० विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) असेल आणि दिशेत ३ अंशांची त्रुटी असेल तर लंब साधारण एका विकलेने चुकतो. स्वतंत्र अशा शंभर रेघा असतील तर ते एक दशांश विकलेवर येतं, निदान कागदावर. प्रत्यक्षात मर्यादा घालते ती रेघांची मांडणी. सगळ्या रेघा एकाच पाकळीत असतील तर लंब जवळजवळ समांतर असतात. आडव्या दिशेत जागा नेमकी ठरते, पाकळीच्या लांबीच्या दिशेत मात्र कित्येक विकलांचा घोळ राहतो. त्यामुळे त्रुटीचं वर्तुळ न काढता लंबगोल काढा, आणि दुसऱ्या बाजूच्या पाकळीतल्या मोजक्या, कमी दर्जाच्या रेघाही सोडू नका.

अनेकदा विखुरलेला प्रकाश या गणितात शिरता कामा नये. त्यासाठी ध्रुवण १५-२० टक्क्यांच्या वर आहे अशाच रेघा घेऊन सुरुवात करा, ध्रुवण-चकतीचा भाग वगळा. मग मर्यादा वरखाली करून उत्तर किती हलतं ते पाहा. हलत असेल तर त्रुटी तेवढी धरा, सूत्रातून काहीही येवो. समोरच्या धुळीचं ध्रुवण काही टक्क्यांचं असेल तर ते आधी क्यू आणि यूमधून वजा करा. वीस टक्क्यांच्या रेघेवर दोन टक्क्यांची भेसळ झाली तरी दिशा जास्तीत जास्त तीन अंशांच्या आसपास सरकते, पण ती सगळीकडे एकाच ढंगाने सरकते आणि सरासरीने जात नाही.

मिळालेला बिंदू जे आणि एच प्रतिमांत रिकामा निघाला तर ती वाईट बातमी नाही, उलट पद्धत इथेच कामाला येते. त्या जागी मध्य-अवरक्त किंवा रेडिओ सूचीत काही आहे का ते तपासा. त्याआधी आपल्या प्रतिमेचे निर्देशांक गाया उपग्रहाच्या सूचीतल्या ताऱ्यांशी जुळवून घ्या, नाहीतर दोन दशांश विकलेचा तर्क लावताना एका विकलेची सरक लपून राहते.

रेषीय ध्रुवणाचं समाधानकारक चित्र मिळालं आणि क्वार्टर-वेव्ह प्लेटच्या नोंदी उपलब्ध असतील, तर वर्तुळी ध्रुवणही पाहा. आतापर्यंतचं ध्रुवण रेषीय, म्हणजे कंपनाची दिशा ठरावीक असलेलं; वर्तुळी ध्रुवणात ती दिशा सतत गोल फिरत राहते, आणि ते मोजायला ही प्लेट लागते. मृगाच्या त्याच रेणुमेघात २.२ मायक्रॉनला ते १७ टक्क्यांपर्यंत जातं, हे १९९८ साली अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीतून झालेल्या निरीक्षणांतून समोर आलं. गोल कणांवरच्या एकाच परावर्तनातून वर्तुळी ध्रुवण निर्माणच होत नाही, आणि एवढं मोठं प्रमाण रांगेला लागलेल्या कणांशिवाय समजावणं कठीण. त्यामुळे वर उल्लेखलेल्या समांतर पट्ट्याच्या वादात ही मोजणी थेट साक्षीदार ठरते. डाव्या आणि उजव्या फिरकीचे भाग ताऱ्याभोवतीच्या चार चतुर्थांशांत आलटून पालटून येतात का ते बघा, आणि मोजण्याआधी रेषीय ध्रुवण उपकरणातच वर्तुळीत किती रूपांतरित होतं ते प्रमाण ताऱ्यांवरून ठरवून घ्या. ४० टक्के रेषीय ध्रुवणातून एक-दोन टक्के गळले तरी खोटं वर्तुळी ध्रुवण दिसू लागतं.